द्राक्षाचा शिवार सौदा : इसारापासून शेवटच्या हिशेबापर्यंत

शिवार सौदा म्हणजे माल बाजार समितीत न नेता बांधावरच विकणं. असे बहुतेक सौदे ज्या क्रमाने होतात तो क्रम बघा. आधी भाव ठरतो. मग तोडणाऱ्या मजुरांची टोळी बागेत शिरते. मग काटा लागतो. गाडी निघताना हातात चिठ्ठी पडते. दोन दिवसांनी पैशांची तारीख विचारली जाते. आणि महिन्याभराने, फोन बंद लागायला लागला की, व्यापाऱ्याचं पूर्ण नाव काय हे शोधायला आपण निघतो.

हा क्रम जवळजवळ पूर्ण उलटा हवा. आधी नाव, मग पैशांची तारीख, मग काट्याची रीत, आणि भाव या सगळ्यानंतर. खालचे टप्पे निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या दोन-चार एकरवाल्या द्राक्ष बागायतदाराला धरून लिहिले आहेत. तासगाव, मिरज, इंदापूर, पंढरपूरकडे शब्द थोडे बदलतील, रीत तीच राहील. टोमॅटो, डाळिंब, ढोबळी मिरची बांधावर विकणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. जुलै २०१६ पासून राज्यात फळं आणि भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त आहे. म्हणजे तुमच्या बांधावर येऊन द्राक्षं घेणाऱ्याला बाजार समितीचा परवाना असलाच पाहिजे असं नाही. बाजार आवारात विकलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी द्यायचे हा नियम, तिथली सौदापट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद), तिथे तक्रार ऐकणारा सचिव, यातलं काहीही बांधावर आपोआप येत नाही. बाजार समिती जे संरक्षण देते ते शिवार सौद्यात आपल्यालाच कागदावर उभं करावं लागतं. "समितीकडे जाऊ की" असं म्हणत बिनधास्त राहणारे इथेच फसतात.

टप्पा १ : तोडणीच्या महिनाभर आधी, आपली तयारी

व्यापारी दारात आल्यावर "किती माल निघेल?" असं विचारतो आणि आपण अंदाजाने "असेल पंधरा-सोळा टन" म्हणतो. तो मनात बारा धरतो, गाड्या त्या हिशेबाने लावतो, आणि तंट्याचं बी तिथेच पडतं. म्हणून आधी मोजा.

बागेच्या वेगवेगळ्या ओळींतल्या वीस वेली निवडा. रस्त्याकडेच्या चांगल्या तेवढ्याच नकोत. प्रत्येक वेलीवरचे घड मोजा, दहा-बारा घड तोडून वजन करा, सरासरी काढा. ९ बाय ५ फुटांवरची लागवड असेल तर एकरात ९६८ वेली बसतात. तुटाळ (वेल नसलेल्या जागा) वजा करून ९०० धरा. वेलीवर ३० घड आणि घडाचं सरासरी वजन ३०० ग्रॅम असेल तर वेलीला ९ किलो, म्हणजे एकरी ८ टनांच्या आसपास. त्यातून डागी, बारीक आणि उकड्या (उन्हाने भाजलेले) मणी किती निघतील तेही पाहा. हा आकडा वहीत लिहा. सौद्यात हाच सांगायचा, फुगवून नाही.

साखर स्वतः मोजा. रेफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचं उपकरण) शेजाऱ्याचा आणला तरी चालेल. घडाच्या खांद्याजवळचा मणी गोड असतो आणि शेंड्याचा कमी, उन्हातला गोड आणि पानाआडचा कमी. एकाच मण्यावर ब्रिक्स (साखरेचा आकडा) सांगणारा शेतकरी आणि एकाच मण्यावर भाव पाडणारा व्यापारी, दोघेही सोयीचा मणी उचलतात. बागेच्या चारही बाजूंनी, घडाच्या वरचे, मधले आणि खालचे मणी घ्या, रस एकत्र करा, तो आकडा धरा.

फवारणीची वही पुढ्यात ठेवा. कोणतं औषध, कोणत्या तारखेला, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं, सगळं एका पानावर हवं. निर्यातीच्या बागांना हे अंगवळणी पडलेलं असतं, कारण ग्रेपनेटवर (निर्यातीच्या बागांच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंद आणि औषधांच्या उर्वरित अंशाची तपासणी झाल्याशिवाय माल हलत नाही. देशी बाजारात विकणारे हे पान ठेवत नाहीत आणि मग व्यापाऱ्याच्या मनात शंका राहते. हे पान दाखवणाऱ्याच्या बागेत तो अर्धा तास कमी घालवतो.

आणखी तीन वस्तू लागतील: कार्बनची दोन प्रतींची पावती-वही, बँक खात्याचा तपशील लिहिलेला कागद, आणि भावाची माहिती. भावासाठी गेल्या दोन दिवसांत ज्यांची बाग तुटली आहे अशा किमान तिघांना विचारा. त्यांना "भाव काय मिळाला" यापेक्षा "हातात किती पडले आणि कधी" असं विचारा. उत्तर बरंच वेगळं येतं.

तपासा: अंदाजे वजन, ब्रिक्स, फवारणीचं पान आणि तिघांचे भाव या चार गोष्टी लिहून झाल्या नसतील तर अजून कुणाला बाग दाखवू नका.

टप्पा २ : माणूस कोण आहे

शेतकऱ्याला सगळ्यात जास्त संकोच याच टप्प्याचा वाटतो. दारात आलेल्या माणसाला चहा द्यायचा आणि लगेच आधार कार्ड मागायचं, हे बरं दिसत नाही असं वाटतं. पण हाच व्यापारी बँकेत, ट्रान्सपोर्टवाल्याकडे, शीतगृहात कागद देतोच. तुम्ही मागितल्यावर खरा व्यापारी रागावत नाही. रागावलाच तर तुमचं काम लवकर झालं.

घ्यायच्या गोष्टी: पूर्ण नाव आणि मूळ गावचा पत्ता, ओळखपत्राची प्रत, पॅन, फर्म असेल तर फर्मचं नाव, जीएसटी क्रमांक किंवा बाजार समितीचा परवाना असेल तर तो, आणि एक फोटो. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की फर्मचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे मोबाईलवर दिसतं. ताज्या द्राक्षावर जीएसटी नसल्याने क्रमांक नसणं हा दोष नाही. क्रमांक सांगितला आणि तो दुसऱ्याच्या नावावर निघाला, तर मात्र तो दोष आहे.

मग स्थानिक माणूस पाहा. परगावचा व्यापारी हंगामापुरता कुणाच्या तरी गाळ्यात किंवा शेडमध्ये बसतो, कुणाच्या तरी घरी उतरतो. त्या शेडमालकाला भेटा. त्याने भाडं किती महिन्यांचं घेतलं आहे हे विचारा; महिन्याचं आगाऊ भरलेला आणि रोजच्या रोज देणारा यात फरक असतो. गेल्या हंगामात त्याने कुठल्या गावात माल घेतला हे त्याच्याकडूनच काढा आणि त्या गावातल्या, त्याने न सांगितलेल्या, एखाद्या बागायतदाराला फोन करा. त्याने दिलेले तीन नंबर त्याच्याच गोटातले असू शकतात.

दलालामार्फत सौदा असेल तर दलालाची जबाबदारी काय, हे त्याच्या तोंडावर विचारा. "मी फक्त ओळख करून दिली" असं तो पुढे म्हणणार असेल तर ते आजच म्हणू दे. "पैशांची जबाबदारी माझी" म्हणत असेल तर सौदा चिठ्ठीवर जामीन म्हणून सही घ्या. इथे बरेच दलाल अचानक घाईत असतात.

सावध: सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे एकच नाव. ओळखपत्रावरचं नाव, बँक खात्यावरचं नाव आणि चेकवरचं नाव एकच हवं, किंवा त्यांच्यातलं नातं कागदावर हवं. एका हंगामात माझ्याकडे आलेल्या व्यापाऱ्याने पहिल्या दोन गाड्यांचे पैसे संध्याकाळच्या आत दिले. तिसरी आणि चौथी गाडी शनिवारी एकदम भरली आणि चेक दिला. चेक खात्यात भरेपर्यंत मी त्याच्यावरचं नाव वाचलंच नाही. नाव तिसऱ्याच माणसाचं होतं, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं. चेक परत आल्यावर नोटीस त्या अनोळखी माणसाला पाठवायची की बागेत येऊन द्राक्षं चाखणाऱ्याला, हे ठरवण्यातच वकिलाकडे दोन फेऱ्या झाल्या. त्या दोन गाड्यांचे पूर्ण पैसे कधी आले नाहीत.

पहिल्या गाड्यांचे पैसे चोख मिळणं हा विश्वासाचा पुरावा नाही, हे त्या हंगामात कळलं. फसवणारा पहिल्या गाड्यांत भांडवल घालतो. बाजारापेक्षा किलोला चार-पाच रुपये जास्त देणारा आणि पैसे पंधरा दिवसांनी देणारा, या दोन गोष्टी एकाच माणसात भेटल्या की थांबा.

टप्पा ३ : बाग दाखवणं

इथे चूक बहुधा आपली असते. व्यापाऱ्याला बाग दाखवताना आपण त्याला चांगल्या ओळींतून फिरवतो. तोडणीच्या दिवशी टोळी मागच्या कोपऱ्यात पोचते, तिथे मणी बारीक, साखर कमी, आणि भाव तिथेच मोडतो. मग आपण म्हणतो, व्यापाऱ्याने शब्द फिरवला.

वाईट कोपरा आधी दाखवा. "या दोन ओळींत पाणी कमी पडलं होतं, इथला माल वेगळा धरा" असं सांगितलं की बाकीच्या बागेचा भाव टिकतो. अवकाळीने मणी तडकले असतील, भुरी रोगाचे डाग असतील तर तेही दाखवा. वजन वाढावं म्हणून तोडणीआधी भरपूर पाणी सोडणं ही युक्ती व्यापाऱ्यांना तुमच्याआधी ठाऊक आहे. असा माल दिल्ली-कोलकात्यापर्यंत टिकत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या गावाचं नाव घेतल्यावर भाव दोन रुपये खाली सांगितला जातो. त्यात तुमच्या शेजाऱ्याचाही भाव जातो.

व्यापाऱ्याच्या बाजूने त्याने इथेच सांगायला हवं की माल सरसकट घेणार की निवडून. ही एकच गोष्ट न बोलल्यामुळे जितकी भांडणं होतात तितकी भावावरून होत नाहीत. निवडून घ्यायचं म्हटलं तर चांगले घड जातात आणि उरलेला माल बेदाण्याला किंवा रसाच्या भावाने काढावा लागतो. म्हणून निवडून घेण्याचा भाव आणि सरसकटचा भाव यांची तुलना उरलेल्या मालाचा हिशेब धरूनच करा. १० टनांपैकी ७ टन ५० रुपयांनी आणि ३ टन १५ रुपयांनी गेला तर ३ लाख ९५ हजार होतात. सरसकट ४२ रुपयांनी ४ लाख २० हजार होतात. पन्नासचा आकडा कानाला गोड लागतो, एवढंच.

टप्पा ४ : सौदा चिठ्ठी

चिठ्ठी एक पान पुरते. मोठ्या सौद्याला वकिलाकडून मुद्रांकावर करार करून घेतला तर उत्तम, पण साध्या कागदावर दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असल्या तरी तोंडी शब्दापेक्षा तो कागद कितीतरी जड असतो. मजकूर असा ठेवा:

"मी (व्यापाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, पॅन), श्री./श्रीमती (शेतकऱ्याचे नाव) यांच्या गट क्रमांक … मधील … जातीची द्राक्षे, अंदाजे … टन, सरसकट/निवडून, दर किलोस … रुपये या भावाने विकत घेतली आहेत. तोडणी दिनांक … पर्यंत सुरू होईल. वजन बागेत, दोघांसमोर होईल. क्रेटचे रिकामे वजन वजा करून निव्वळ वजन धरले जाईल. त्याशिवाय कोणतीही घट, कडता (वजनातली कपात), हमाली किंवा आडत (दलाली) कापली जाणार नाही. प्रत्येक दिवसाच्या मालाचे पैसे … तासांत/दिवसांत बँक खात्यात जमा होतील. एका वेळी थकीत रक्कम … रुपयांपेक्षा जास्त झाल्यास पुढील तोडणी थांबेल. माल गाडीत भरून वजनपावतीवर सही झाल्यावर त्याची जोखीम खरेदीदाराची राहील. इसार (आगाऊ रक्कम) … रुपये मिळाला."

यातल्या दोन वाक्यांवर आणि यात न आलेल्या दोन गोष्टींवर थोडं थांबायला हवं.

"विकत घेतली आहेत" हे शब्द महत्त्वाचे. माल विकला आहे की परराज्यातल्या बाजारात आडतीवर विकण्यासाठी पाठवला आहे, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. विकला असेल तर वाटेत गाडी पंक्चर झाली, तिकडे बाजार पडला, माल मऊ निघाला, तरी भाव तोच. आडतीवर पाठवला असेल तर तिकडच्या पट्टीवर सगळं अवलंबून. भांडणात व्यापारी सोयीनुसार पहिल्याचं दुसरं करतो: "तिकडे वीसनेच विकला गेला हो." चिठ्ठीत विक्री लिहिली असेल तर या वाक्याला काही वजन राहत नाही.

तोडणीची तारीख दोघांच्या सोयीची. सौदा करून दहा दिवस बाग अडवून ठेवायची आणि भाव चढला तर घ्यायची, पडला तर फिरकायचं नाही, हा प्रकार तारखेने थांबतो. तारीख उलटली तर सौदा रद्द आणि इसार परत मिळणार नाही, असं लिहा.

पाऊस. सौदा आणि तोडणी यांच्या मधे पाऊस पडला तर मणी तडकतात. यात कुणाचाही दोष नाही, म्हणून आधीच ठरवा: पुन्हा एकत्र पाहणी, तडकलेला माल बाजूला, उरलेल्याला ठरलेला भाव.

आणि भाव चढला तर? सौदा झाल्यावर दुसऱ्याने तीन रुपये जास्त देऊ केले म्हणून रात्रीतून बाग त्याला देणारे शेतकरी प्रत्येक गावात आहेत. त्यांचं नाव व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतं, जसं आपल्या ग्रुपवर पळपुट्यांचं फिरतं. भाव चढ-उताराची भीती दोघांनाही असेल तर चिठ्ठीत लिहा की बाजार पाच रुपयांहून जास्त हलला तर फरक निम्मा-निम्मा. मला ही अट आवडते, कारण दोघांनाही पळायचं कारण उरत नाही.

तपासा: चिठ्ठीत कोरी जागा राहिली नाही ना? "नंतर भरू" म्हणून सोडलेली पैशांच्या तारखेची जागा म्हणजे तारीख नाही.

टप्पा ५ : इसार

इसार रोखीत घेऊ नका. पाच-दहा हजारांचा असला तरी यूपीआय किंवा एनईएफटीने तुमच्या खात्यात घ्या. याचा खरा फायदा रकमेत नाही. पैसे कोणाच्या नावाने आले ते तुमच्या पासबुकात कायमचं उमटतं. टप्पा २ मधल्या एकाच नावाची परीक्षा इथे आपोआप होते. नाव जुळलं नाही तर तोडणी सुरू व्हायच्या आत विचारायला वेळ असतो.

टप्पा ६ : तोडणी आणि काटा

टोळी कुणाची, मजुरी कुणाकडे, क्रेट कुणाचे, रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर कुणाचा, हे आदल्या संध्याकाळी फोनवर बोलून घ्या. सकाळी मजूर उभे असताना ही चर्चा सुरू झाली की बाग आपली असल्याने दबाव आपल्यावर येतो.

दव वाळल्यावर तोडणी सुरू करा. ओला घड क्रेटमध्ये गेला की कुजतो, आणि त्याची तक्रार तिसऱ्या दिवशी येते. उन्हाचा कडाका व्हायच्या आत सावलीत माल यायला हवा.

काट्याची परीक्षा पहिल्या क्रेटच्या आधी घ्या. घरात शिवण न उसवलेली डीएपी खताची ५० किलोची गोणी असेल तर ती काट्यावर ठेवा. गोणीच्या पिशवीचं थोडं वजन धरून ५० च्या किंचित वर आकडा यायला हवा. ४९ आला तर काटा तिथेच थांबवा. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आणि पडताळणीचं चालू प्रमाणपत्र आहे का पाहा. काटा सपाट जागेवर हवा. बांधावर तिरका ठेवलेला काटा कुणाच्याही बाजूने खोटं बोलू शकतो.

मग रिकाम्या क्रेटचं वजन. दहा क्रेट एकदम ठेवा आणि दहाने भागा. धुऊन आणलेले ओले क्रेट जास्त भरतात, तेव्हा वाळलेले घ्या. हा आकडा पावतीच्या माथ्यावर लिहा. "क्रेटमागे अर्धा किलो घट धरतोच आम्ही" हे वाक्य याच वेळी येतं. ३०० क्रेटना अर्धा किलो म्हणजे १५० किलो, आणि ४५ च्या भावाने ६,७५० रुपये. मागणाऱ्याला घट हवीच असेल तर भावात मागू दे, वजनात नाही. वजनात गेलेलं दिसत नाही.

क्रेटची मोजणी दोन वह्यांत, दोन माणसांनी करावी. आमच्याकडे ही वही घरातल्या बायका ठेवतात आणि त्यांचा आकडा सहसा चुकत नाही. गंमत अशी की सौदा ठरताना त्यांना चहा करायला आत पाठवलेलं असतं आणि रात्री दहाला दोन क्रेटचा फरक आला की त्यांनाच हाक मारली जाते. सौद्याच्या बैठकीतही त्या असाव्यात.

दिवसाच्या शेवटी वजनपावती: तारीख, गाडीचा क्रमांक, ड्रायव्हरचं नाव, क्रेट, एकूण वजन, क्रेटचं वजन, निव्वळ वजन, भाव, रक्कम. दोघांच्या सह्या. भरलेल्या गाडीचा आणि पावतीचा फोटो व्यापाऱ्याला व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि त्याच्याकडून "बरोबर" असं उत्तर घ्या. चॅट पुसू नका, फोन बदलला तर जुना सांभाळा.

सावध: "भाऊ, गाडीला उशीर होतोय, पावती उद्या करू." गाडी पावतीसाठी दहा मिनिटं थांबली म्हणून कुणाचीही द्राक्षं नासलेली नाहीत.

टप्पा ७ : उधारीची मर्यादा

पूर्ण लेखातलं एकच काही पाळायचं असेल तर हे पाळा. कोणत्याही क्षणी व्यापाऱ्याकडे तुमचे किती पैसे अडकलेले चालतील, हा आकडा तोडणीआधी ठरवा. ठरवायची रीत सोपी आहे: ही रक्कम पूर्ण बुडाली तरी एप्रिलची खरड छाटणी, खतं, औषधं आणि घरखर्च निघेल का? निघणार नसेल तर आकडा कमी करा.

समजा दोन एकरांत १६ टन माल आहे, भाव ४५, म्हणजे ७ लाख २० हजार. एका दमात सगळा माल काढला तर सगळं वर्ष एका माणसाच्या शब्दावर टांगलेलं राहतं. तीन तोडण्या केल्या तर एका वेळी अडीच लाखांच्या आत अडकतात. पहिल्या तोडणीचे पैसे खात्यात दिसल्याशिवाय दुसरी सुरू करायची नाही. व्यापारी चांगला असला तरी नाही. ही अट त्याच्यावरचा अविश्वास नव्हे, हे त्याला शांतपणे सांगा. चार हंगामांनंतर मर्यादा वाढवता येते, आणि ती वाढवणं हाच त्याचा मान.

"खात्यात दिसणं" म्हणजे तुमच्या पासबुकात किंवा बँकेच्या ॲपमध्ये दिसणं. त्याच्या मोबाईलवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नाहीत. "आज रविवार, बँक बंद" ही सबबही जुनी झाली: एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून दिवसाचे चोवीस तास, सुट्टीलाही चालतं. रोख देऊ केली तर लक्षात ठेवा, एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर प्राप्तिकर कायद्याखाली दंड घेणाऱ्याला होतो.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात मर्यादा सैल करू नका. पळणारे याच आठवड्यात पळतात, कारण परत यायची गरज संपलेली असते.

टप्पा ८ : पैसे थकले तर

पहिल्या दोन दिवसांत फोन करा आणि त्याच दिवशी लेखी संदेश पाठवा: कोणत्या तारखेचा माल, किती रक्कम, कधी देणार. भांडू नका. उत्तरात त्याने "पुढच्या सोमवारी देतो" एवढं लिहिलं तरी तुमचं येणं त्याने मान्य केलं.

आठवडा झाला तर जाऊन भेटा, शक्यतो त्याच व्यापाऱ्याकडे पैसे अडकलेल्या इतरांबरोबर. रकमेचा एक कागद करा, "एवढे देणे बाकी आहे" या वाक्याखाली सही घ्या. या वेळी मूळ पावत्या कुणाच्याही हातात देऊ नका, फक्त झेरॉक्स.

चेक घेतला असेल तर तारखा इथे पाठ कराव्या लागतात. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत भरा. न वटता परत आला की बँकेकडून त्याचं पत्रक घ्या. ते कळल्यापासून ३० दिवसांत खातेदाराला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवसांची मुदत असते. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करायची; हे परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली. सगळ्यात जास्त बुडते ती पहिली ३० दिवसांची मुदत, कारण "परत भर, या वेळी वटेल" असं सांगून व्यापारी दिवस काढतो. चेक पुन्हा भरायचा तर भरा, पण नोटिशीची मुदत डोळ्यांसमोर ठेवून. आणि "चेक परत दे, रोख देतो" म्हटलं तर आधी रोख.

सुरुवातीपासून फसवायचाच हेतू दिसत असेल, म्हणजे खोटं नाव, खोटा पत्ता, बंद फोन, अनेक गावांत एकाच वेळी थकबाकी, तर पोलीस ठाण्यात जा. १ जुलै २०२४ नंतरच्या प्रकारांना भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लागतं; जुन्या लोकांच्या तोंडी असलेलं ४२० ते हेच. तिथे पहिला प्रश्न येतो, "कागद काय आहेत?" सौदा चिठ्ठी, इसाराची नोंद, वजनपावत्या, गाडीचा क्रमांक, चॅट आणि ओळखपत्राची प्रत एका फायलीत तारखेने लावून न्या. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तत्कालीन विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी व्यापाऱ्यांनी बुडवलेल्या पैशांसाठी मोहीम उघडली तेव्हा अनेक शेतकऱ्यांची रक्कम परत मिळाली होती. अशी मोहीम दर हंगामात येत नाही, फाईल मात्र दर हंगामात करता येते.

दिवाणी दाव्यासाठी विकलेल्या मालाच्या किमतीची मुदत साधारण तीन वर्षं आहे. "बघू पुढच्या हंगामात" असं दोनदा म्हटलं की ती जवळ येते.

टप्पा ९ : सौदा पूर्ण झाल्यावर

सगळे पैसे आले की व्यापाऱ्याबरोबर बसून एकच अखेरची पट्टी करा: एकूण माल, एकूण रक्कम, मिळालेले हप्ते तारखेसह, बाकी शून्य. दोघांची सही. इसार वळता झाला का तेही त्यात. त्याचे क्रेट तुमच्या शेडमध्ये राहिले असतील तर मोजून परत द्या आणि पोच घ्या. पुढच्या वर्षीचं भांडण कित्येकदा या चाळीस क्रेटवरून सुरू होतं.

मग त्याला विचारा, माल तिकडे कसा पोचला. तो सांगेल: मणी गळ जास्त होती, देठ लवकर वाळले, वरच्या थराखाली बारीक माल होता. यातलं काही खरं असतं, काही पुढच्या वर्षीच्या भावाची तयारी. दोन्ही लिहून घ्या, तारीख टाका, आणि ते पान ऑक्टोबर छाटणीच्या आदल्या दिवशी उघडा.